मोटरसायकलचा चिमटा घरी बदलायचा? आधी टेप आणि व्हर्निअर काढा

बदललेल्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोलर फिरवल्याच्या बातम्या पुणे-नागपूरकडून अधूनमधून येतात आणि दर वेळी तोच वाद रंगतो. गाडी माझी, पैसे माझे, मग एखादा पार्ट बदलला तर बिघडलं कुठे? सायलेन्सर कानावर येतो म्हणून त्याची चर्चा होते. पण गाडीच्या मागच्या बाजूला, चेनकव्हरच्या आणि चिखलाच्या आड असा एक भाग आहे की तो बदलला तर आवाज होत नाही, वरवर बघणाऱ्याला काही कळतही नाही, आणि तरीही गाडीचं सगळं वागणं बदलतं. तो म्हणजे स्विंग आर्म. गॅरेजमध्ये त्याला चिमटा म्हणतात, मीही पुढे तेच म्हणेन.

मागे डिस्क ब्रेक हवा असतो, टायर जरा रुंद हवा असतो, किंवा जुना चिमटा गंजून, वाकून कामातून गेलेला असतो. मग दुसऱ्या मॉडेलचा चिमटा आणून रविवारी पार्किंगमध्ये बसवून टाकायचा बेत ठरतो. काम घरी होण्यासारखं आहे, यात शंका नाही. पाने, जॅक, हातोडी आणि धरायला एक माणूस एवढ्यावर चिमटा उतरतो आणि चढतोही. प्रश्न असा आहे की तो ‘बसला’ असं कधी म्हणायचं. बोल्ट आरपार गेला की बसला, असं बहुतेक जण धरून चालतात. मागच्या चाकाचे अपघात याच समजुतीतून होतात.

चिमटा करतो तरी काय?

मागचं चाक फ्रेमला थेट जोडलेलं नसतं. इंजिनच्या मागे फ्रेममधून एक जाड आडवा बोल्ट गेलेला असतो. चिमटा त्या बोल्टवर वरखाली फिरतो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला, दोन पायांच्या मध्ये, चाक असतं. आडव्या बोल्टच्या या जागेला पिव्हट म्हणतात. चिमटा आणि फ्रेम यांच्यामध्ये शॉकअप लावलेले असतात. खड्डा आला की चाक वर उचललं जातं, चिमटा पिव्हटवर फिरतो आणि शॉकअप दबतो.

घराच्या दाराकडे बघा. बिजागरी जराशी ढिली झाली की तिच्यापाशी खेळ डोळ्यांना दिसतही नाही, पण दाराची मोकळी कड चौकटीला घासायला लागते. चिमट्याचं तसंच आहे. पिव्हटमधला किंचित खेळ चाकापर्यंत जाईस्तोवर वाढलेला असतो आणि वळणावर गाडीची मागची बाजू पोहल्यासारखी वाटते. दुसरं म्हणजे, दार बिजागरीजवळ ढकलायला जोर लागतो, कडेला धरलं तर बोटानं हलतं. शॉकअपचा हिशोब करताना हेच पुन्हा लागणार आहे.

तीन जागा आणि त्यांच्यातली अंतरं

चिमट्यावर तीनच जागा खऱ्या महत्त्वाच्या: पिव्हट, शॉकअपचा खालचा बोल्ट आणि मागचा एक्सल, म्हणजे ज्यावर चाक फिरतं तो दांडा. बाकी सगळं लोखंड या तीन जागा एकमेकींपासून ठरलेल्या अंतरावर धरून ठेवण्यासाठी असतं. ही अंतरं बदलली की व्हीलबेस बदलतो, म्हणजे पुढच्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंतचं अंतर. सस्पेन्शन किती मऊ लागणार, चेन कुठे ताणली जाणार, गाडी मागून किती उंच राहणार, तेही यावरच ठरतं.

मागची उंची तर थेट हँडलपर्यंत जाते, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. समजा व्हीलबेस १३२० मिमी आहे आणि नव्या चिमट्यामुळे किंवा लांब शॉकअपमुळे मागची बाजू २० मिमी वर आली. म्हणजे अख्खी गाडी पुढच्या चाकाभोवती जवळपास ०.९ अंशाने पुढे झुकली. रोजच्या वापरातल्या गाड्यांचा पुढचा फोर्क उभ्या रेषेपासून साधारण २५ ते २७ अंश मागे कललेला असतो. त्यातला एक अंश गेला की गाडी चटकन वळते खरी, पण मोकळ्या रस्त्यावर वेग वाढला की हँडल हलकं पडतं. मागे केलेल्या कामाचा परिणाम पुढे दिसतो आणि माणूस बिचारा कोनसेट, म्हणजे हँडलची बेअरिंगं, बदलत बसतो.

कंपनीनं हे कसं केलं, ते आधी बघा

पल्सर १५० हे याचं चांगलं उदाहरण, कारण तीच गाडी बजाजनं दोन्ही रूपांत विकली. मागे ड्रम ब्रेक असलेल्या गाडीचा व्हीलबेस १३२० मिमी आणि मागचा टायर १००/९०-१७. २०१८ मध्ये मागेही डिस्क असलेली गाडी आली तेव्हा व्हीलबेस १३४५ मिमी झाला आणि मागचा टायर १२०/८०-१७. म्हणजे कंपनीनं मागे नुसतं डिस्कचं चाक लावलं नाही. चिमटा बदलला, रिम बदलला, पुढचा टायरही एक माप वाढवला. इंजिनिअरांची फौज आणि चाचणीचा ट्रॅक हाताशी असूनही त्यांना एक गोष्ट बदलण्यासाठी चार बदलाव्या लागल्या. पार्किंगमध्ये बसून आपण त्यातली एकच बदलणार असू, तर बाकीच्या तीन कुठे गेल्या हे विचारायलाच हवं.

टायरचंच घ्या. त्याच्या मापात पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये, आणि दुसरा भिंतीची उंची त्या रुंदीच्या किती टक्के ते सांगतो. १००/९० मध्ये टायरची भिंत ९० मिमी उंच, १२०/८० मध्ये ९६ मिमी. रुंदी २० मिमी वाढली तशी त्रिज्याही ६ मिमी वाढली. म्हणजे चिमट्याच्या आतल्या बाजूला दोन्हीकडे जागा हवी आणि पुढे, चिमट्याच्या आडव्या पट्टीपाशीही हवी. चेनच्या बाजूची जागा सगळ्यात आधी संपते.

पिव्हट: खरं काम इथे आहे

जुना चिमटा उतरवल्यावर पहिल्यांदा त्याची स्लीव्ह बाहेर काढा. स्लीव्ह म्हणजे पिव्हटच्या नळीतून जाणारी पोलादी पोकळ नळी, जिच्या आतून तो आडवा बोल्ट जातो. वर्षानुवर्षं ग्रीस न मिळालेली स्लीव्ह सहजी निघत नाही. निघते तेव्हा सोबत विटकरी रंगाची भुकटी पडते. ग्रीस वाळून त्यात गंज मिसळलेला असतो. कापडानं पुसून स्लीव्हवर नख फिरवा. मधला भाग गुळगुळीत लागतो आणि एका टोकाला, बहुतेक वेळा चेनच्या बाजूला, नख पायरीवर अडकतं. स्लीव्हभोवती चिमट्याच्या नळीत बसणाऱ्या कडीला बुश म्हणतात; त्या बुशनं पोलाद तिथे खाल्लेलं असतं. ही पायरी लागली तर तीच स्लीव्ह नव्या चिमट्यात घालायचा विचार सोडून द्या.

आता रचना समजून घेऊ. बोल्ट आवळला की फ्रेमचे दोन कान, म्हणजे ज्यांतून बोल्ट जातो त्या दोन पट्ट्या, स्लीव्हला दोन्ही बाजूंनी घट्ट दाबतात. स्लीव्ह फिरत नाही, चिमटा तिच्याभोवती बुशवर फिरतो. म्हणून स्लीव्ह चिमट्याच्या नळीपेक्षा केसभर लांब असावी लागते. ती आखूड पडली तर बोल्ट आवळताच कान थेट चिमट्याला पकडतात आणि चिमटा जाम होतो. मग घरचा मेकॅनिक काय करतो? नट थोडा सैल सोडतो. यापेक्षा वाईट उपाय नाही. उलट, चिमटा फ्रेमच्या कानांमधल्या जागेपेक्षा अरुंद असेल तर बोल्टच्या जोरानं कान आत ओढले जातात आणि काही महिन्यांत वेल्डिंगपाशी भेग दिसते. अशा वेळी मोजून स्पेसर, म्हणजे रिकामी जागा भरणाऱ्या कड्या, घालायचे, आणि तेही दोन्ही बाजूंना असे की चाक मध्यावर राहील.

बोल्टची जाडी जुळली नाही तर? नव्या चिमट्याचं भोक मोठं असेल तर लेथवर नवी स्लीव्ह आणि गनमेटलचे बुश करून घेता येतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा भोसरीत हे रोजचं काम आहे, आणि चांगला टर्नर तुमच्यापेक्षा आधी विचारतो की खेळ किती ठेवायचा. भोकात पत्र्याचा तुकडा गुंडाळून बोल्ट ठोकणं मात्र चालणार नाही. आणि बोल्ट जाड निघाला म्हणून फ्रेमचं भोक मोठं करणं तर अजिबातच नको. फ्रेम ही एकच गोष्ट अशी आहे की तिथे केलेली चूक मागे फिरवता येत नाही.

काही चिमट्यांना गनमेटल किंवा नायलॉनऐवजी सायलेंट बुश असतात: आत-बाहेर पोलाद आणि मध्ये चिकटवलेलं रबर. यात काही घसरत नाही, रबरच पिळवटतं. म्हणून याचा बोल्ट चाक हवेत लोंबकळत असताना शेवटचा आवळू नये. गाडी जमिनीवर उभी करा, कुणाला तरी सीटवर बसवा आणि मग आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.

चिमटा लांब झाला की शॉकअप मऊ का पडतो?

लांब चिमट्यानं गाडी सरळ रस्त्यावर स्थिर होते, हे खरं आहे. पण फुकट नाही. समजा पिव्हटपासून शॉकअपचा बोल्ट ४०० मिमीवर आहे आणि एक्सल ४५० वर. नव्या चिमट्यात शॉकअप तिथेच, पण एक्सल ५०० वर. दाराची कड बिजागरीपासून लांब गेली. चाकाचा शॉकअपवरचा जोर वाढला. स्प्रिंग चाकापाशी किती कडक लागते हे या अंतरांच्या गुणोत्तराच्या वर्गावर ठरतं. आधी ४०० भागिले ४५०, त्याचा वर्ग ०.७९. आता ४०० भागिले ५००, वर्ग ०.६४. म्हणजे तीच स्प्रिंग, तेच तेल, आणि मागची बाजू सुमारे १९ टक्के मऊ. मागे माणूस बसला की गतिरोधकावर शॉकअप तळाला आपटणार. ५० मिमीची वाढ मी हिशोब उठून दिसावा म्हणून घेतली. २५ मिमीला परिणाम कमी असतो, पण दिशा तीच.

प्रीलोडची कडी, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणारी शॉकअपवरची कडी, वर चढवून हे भरून निघत नाही. प्रीलोडनं गाडी उंच बसते, स्प्रिंग कडक होत नाही. कडक स्प्रिंगचे शॉकअप घ्यावे लागतात, आणि त्यांची डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची लांबी जुन्याएवढीच आहे ना, हे दुकानातच मोजून घ्यावं.

चेनचा हिशोब

या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना ४२८ मापाची चेन असते, तिची एक कडी १२.७ मिमी. चिमटा २५ मिमी लांब झाला तर चेनला वरून २५ आणि खालून २५, म्हणजे ५० मिमी जास्त लागतात. ५० भागिले १२.७, साधारण चार कड्या. चेन कायम सम संख्येच्या कड्यांची घ्यायची, म्हणजे अर्ध्या कडीची भानगड येत नाही.

ढिलाई तपासतानाची एक गोष्ट फार थोडे लोक करतात. पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, आणि पिव्हट एका जागी नसतात, त्यामुळे चिमटा वरखाली होताना चेन कमी-जास्त ताणली जाते. पुढचं स्प्रॉकेट, पिव्हट आणि एक्सल हे तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा ती सगळ्यात घट्ट होते. मूळ गाडीला कंपनीनं हा हिशोब करून ढिलाईचा आकडा दिलेला असतो. वेगळ्या चिमट्याला तो आकडा लागू पडत नाही. शॉकअपचे खालचे बोल्ट काढा, हातानं चिमटा वर उचलत तिन्ही एका रेषेत आणा आणि तिथे चेन किती हलते ते बघा. तिथे थोडी ढिलाई उरलीच पाहिजे. नाहीतर प्रत्येक खड्ड्यावर गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग मार खातं.

दोन्ही स्प्रॉकेट एका पातळीत आहेत का, हे मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट बाजूला सरळ पट्टी लावून पुढे बघायचं. चिमट्यावरच्या चेन अ‍ॅडजस्टरच्या खुणांवर विसंबू नका. पिव्हटच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा.

ब्रेकच्या बाबतीत मात्र तडजोड नाही

ड्रम ब्रेकच्या प्लेटपासून चिमट्यापर्यंत एक दांडी येते. तिला टॉर्क रॉड म्हणतात. ब्रेक दाबला की प्लेट चाकाबरोबर फिरू बघते, हा रॉड तिला धरून ठेवतो. दुसऱ्या मॉडेलच्या चिमट्यावर रॉडचा कान वेगळ्या जागी असतो, किंवा डिस्कसाठीचा चिमटा असेल तर नसतोच. रॉडशिवाय गाडी चालते, हळू दाबलेला ब्रेकही लागतो, म्हणून ‘नंतर बघू’ म्हटलं जातं. जोरात ब्रेक दाबला की प्लेट फिरते, ब्रेकची सळई गुंडाळली जाते आणि चाक जाम होतं. रॉड, त्याचे दोन्ही बोल्ट आणि स्प्लिट पिन लागल्याशिवाय गाडी गल्लीतही फिरवू नका.

डिस्क लावायची तर नुसता चिमटा आणि कॅलिपर पुरत नाही. चाक, हब, एक्सलचे स्पेसर, मास्टर सिलिंडर, होज, पेडल, तेलाची बाटली हे सगळं त्याच मॉडेलचं एकत्र घ्या. एप्रिल २०१९ नंतरच्या १२५ सीसीवरील गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे. मागच्या चाकाला सेन्सर असेल तर त्याची कडी आणि जागा जशीच्या तशी राहिली पाहिजे.

आणि साडी गार्ड. रुंद टायर अडतो म्हणून सगळ्यात आधी तोच काढून फेकला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम १२३ नुसार मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी व्यवस्था लागते. पदर, ओढणी चाकात गेली तर काय होतं हे इथे कुणाला सांगायला नको. गार्ड बसत नसेल तर टायर चुकीचा आहे.

“जुनाच कापून, वेल्ड करून लांब केला तर?”

स्वस्त पडतो, म्हणून हा प्रश्न येतोच. माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे. वेल्डिंगची रेघ भक्कम असली तरी तिच्या शेजारची पट्टी उष्णतेनं बदललेली असते आणि भेग तिथूनच सुरू होते. त्यातून चिमट्यावर प्रत्येक खड्ड्याला वाक आणि पीळ दोन्ही येतात. अ‍ॅल्युमिनिअमचा चिमटा असेल तर आणखी वाईट, कारण त्या मिश्रधातूला ताकद उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते आणि वेल्डिंगनं ती तिथे निघून जाते. जिगमध्ये, म्हणजे पक्क्या साच्यात, न धरता वेल्ड केलेला चिमटा सरळ राहतच नाही, ही वेगळी गोष्ट.

“पार्ट कंपनीचाच आहे, मग आरटीओला काय हरकत?”

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीनं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. आरसीच्या तपशिलात व्हीलबेसचा रकाना असतो. दुसऱ्या मॉडेलचा चिमटा लावून व्हीलबेस २५ मिमी वाढला, तर पार्टवर कुणाचा शिक्का आहे यानं फरक पडत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याचं वेगळंच: न कळवलेला बदल अपघातानंतर दावा अडवायला पुरेसा ठरू शकतो.

म्हणून रस्त्यावरच्या गाडीला त्याच मॉडेलचा, त्याच मापाचा चिमटा लावावा, आणि वेगळ्या चिमट्याचे प्रयोग डर्ट ट्रॅकवर पळणाऱ्या, रस्त्यावर न येणाऱ्या गाडीवर करावेत, असं माझं मत आहे. पुणे-नाशिककडच्या शर्यतींची गाडी तयार करणाऱ्यांना वरचा सगळा हिशोब लागतोच.

जुन्या बाजारातून घेताना

पुण्याच्या नाना पेठेत नवा मिळतो, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना. जुना घेतलात तर बिल मागा. चोरीच्या गाडीचा पार्ट घरात नको. आणि तो अपघातातल्या गाडीचा असू शकतो, हे धरूनच तपासा. पिव्हटच्या नळीतून एक सरळ गज घाला, एक्सलच्या खाचांतून दुसरा. चिमटा ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवा आणि मागे उभं राहून दोन्ही गज एकावर एक दिसतात का बघा. एक तिरका दिसला तर चिमटा पिळलेला आहे, परत द्या. सांध्यांवर ताजा रंग दिसला तर खरवडून बघू द्या म्हणावं. दुकानदार नाही म्हणाला तर पुढचं दुकान.

बसवल्यावर

जॅक इंजिनखाली लाकडी फळी ठेवून लावा, गाडी पुढून पट्ट्यानं बांधा. नट टॉर्क रेंचनंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानंच, आवळा. पिव्हटचा नायलॉन असलेला नट एकदा काढला की नवा लावायचा, स्प्लिट पिनही नवीच. शॉकअप लावण्याआधी चिमटा हातानं उचलून सोडा. तो अडखळता कामा नये, आणि बाजूला हलवला तर टिकटिक जाणवता कामा नये.

पहिले ५० किलोमीटर एकट्यानं आणि हळू चालवा. मग पिव्हटचा नट, एक्सल, टॉर्क रॉड आणि चेन पुन्हा तपासा, आणि टॉर्च घेऊन चिमट्याची आतली बाजू, मडगार्ड आणि साडी गार्ड बघा. टायर घासल्याची चकचकीत रेघ दिसली तर ग्राइंडरनं चिमटा खरवडून जागा करू नका. चाक बाहेर काढा आणि स्पेसर पुन्हा मोजा.